प्रकल्पग्रस्त की प्रकल्पबाधित?

प्रश्न: या दोन शब्दांत अर्थाचा फरक आहे का? नवी मुंबई कशी वसली यावरच्या लेखात मी दोन्ही आलटून पालटून वापरले होते. संपादकांनी सगळीकडे 'बाधित' केलं. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

उत्तर: खटकणारच. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. खग्रास ग्रहणातला 'ग्रास' तोच. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त या ओळीत लोकांनी प्रकल्पाला नेऊन बसवलं. 'बाधा' म्हणजे त्रास, अडथळा. बाधित माणसाचं निदान घरदार तरी शाबूत असेल असं वाटतं. १९९९चा पुनर्वसन कायदा 'प्रकल्पबाधित' म्हणतो, मोर्चातला माणूस 'प्रकल्पग्रस्त'. मुंबईवरचा भार हलका करायला खाडीपलीकडे शहर वसवायचं ठरलं, १९७०मध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांची भातशेती, मिठागरं नवनगरासाठी नेमली गेली. जानेवारी १९८४मध्ये जमिनी गेलेल्यांच्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, उरण तालुक्यात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यांना 'बाधित' कसं म्हणायचं? माझं मत स्पष्ट आहे: कायद्याचं नाव लिहिताना बाधित, माणसांबद्दल लिहिताना ग्रस्त.

दुसरं उत्तर: मी नवी मुंबईतल्या घणसोलीची. 'गावठाण' या शब्दाकडेही बघा. ठाण म्हणजे स्थान, वस्तीची जागा. गाव म्हटलं की गावठाण आणि भोवतीचं शिवार, दोन्ही आलं. शिवारात सेक्टर उभे राहिले आणि गाव म्हणजे नुसतं गावठाण उरलं. कुरियरवाला फोनवर विचारतो, "सेक्टरमध्ये की गावठाणात?" दोन्हीकडे घणसोलीच, पण त्याच्या लेखी पत्ते दोन. 'नवनगर' हा शब्द मला म्हणूनच बोचतो. आधी तिथे काहीच नव्हतं असं त्यातून ऐकू येतं.

आणि 'साडेबारा'. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना. टक्के कधीच गळाले, आकड्याचं नाम झालं. "त्यांनी साडेबारा विकला" म्हटलं की आमच्याकडे कुणी पुढे विचारत नाही.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. 'ग्रस्त' परत घालते आहे. 'साडेबारा' अवतरणात टाकू का?

दुसरं उत्तर: नको. माझी आजी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "साडेबारा आला का?" तसाच लिहा.