शेततळ्यातले मासे आणि योजनेचा कागद
एका दादांनी इथे लिहिलंय, 'शेततळं आहेच, त्यात मासे सोडा, अनुदान मिळतं.' मिळतं, खरंय. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. पण आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-सिन्नरकडे तळं असतं द्राक्षासाठी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (द्राक्षं काढल्यावरची वेलींची छाटणी) पाणी बागेला जातं आणि तळ गाठतं. पावसाळ्यात सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तोवर जेमतेम विकण्याजोगी होते. शिवाय प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात चिखल नाही, म्हणजे नैसर्गिक खाद्य कमी. खाद्याचा खर्च वाढतो. जाळं ओढताना मागच्या वर्षी आमचा कागद फाटला, मासे राहिले बाजूला! धोरणात आधी पाण्याचं वेळापत्रक बघा.