मदत हवी आहे : संगणकाचा नाद, अभ्यास आणि नोकरी यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार. मी नागपूरला प्रतापनगरात राहतो, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर इतवारीतील एका ठोक व्यापाऱ्याकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी करतो. रात्री नऊला घरी आलो की ‘अर्धाच तास’ म्हणून जुन्या संगणकासमोर बसतो. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली टाकली आहे, आणि १९९१ साली फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केलेले तिचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः कंपाइल करण्याच्या (मूळ कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याच्या) नादात अडीच कधी वाजतात ते कळत नाही. परवा एका गहाळ लायब्ररीपायी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या संचापायी) पहाट झाली आणि दुपारी कामावर केंद्राचा व राज्याचा जीएसटी मी एकाच खात्यात टाकला. मालक रागावले नाहीत, हेच जास्त लागले. रविवारच्या तर्री पोह्यांना तर मित्रांनी मला बोलावणेच सोडले आहे.

पुढे याच क्षेत्रात काम करण्याची इच्छा असल्यामुळे हा छंद मला सोडायचा नाही. मात्र नोकरी सांभाळून शिकलेल्यांनी रात्रीची वेळ कशी बांधून घेतली, आणि परीक्षेआधीचे दोन महिने संगणक पूर्ण बंद ठेवावा की रविवारपुरता उघडावा, हे कृपया स्वानुभवातून सांगावे. ‘लवकर झोप’ हा सल्ला आई रोज देतेच.