‘जोरात हलवा’ छापावं लागलं म्हणजे फॉर्म्युलेशन नापास?

बीडमिल:
काल एक पोस्ट फिरत होती. मथितार्थ असा: ‘ज्या दीर्घकालीन इंजेक्शनच्या लेबलवर “जोरात हलवा” छापावं लागतं, ते फॉर्म्युलेशन (औषधाची घडण) मुळातच नापास. झेटा पोटेन्शियल ३० मिलिव्होल्टच्या पुढे नेलं असतं तर कण बसलेच नसते.’ खाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो, पण राहवेना.

नवख्यांसाठी: ही इंजेक्शनं म्हणजे सस्पेन्शन, पाण्यात न विरघळता तरंगणारे औषधाचे कण; स्नायूत गेल्यावर ते सावकाश विरघळतात. झेटा म्हणजे कणांवरच्या विद्युतभाराचं माप; भार जास्त तर कण एकमेकांना लांब ढकलतात.

तरी कण बसणारच. बसण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो, हे स्टोक्सने १८५१ साली मांडून ठेवलंय. त्रिज्या दुप्पट तर वेग चौपट. आणि तेच औषध जास्त काळ पुरवायचं तर कण मोठे लागतात, कारण बारीक कणांचं पृष्ठफळ जास्त, ते लवकर विरघळून जातात. स्किझोफ्रेनियावरचं पॅलिपेरिडोन पाल्मिटेट घ्या. मासिक इंजेक्शन २००९ मध्ये आलं, तिमाही २०१५ मध्ये, सहामाही २०२१ मध्ये. रेणू तोच. तिमाहीसाठी कण मोठे केले, संहती दुप्पट केली, आणि लेबलवर आलं: सिरिंजचं टोक वर, मनगट सैल, किमान १५ सेकंद जोरात हलवा, ५ मिनिटांच्या आत टोचा. रुग्णाच्या वर्षाला आठ सुया वाचल्या, त्या बदल्यात १५ सेकंद. कुणाला महाग वाटतंय?

बसलेला गाळ परत उठतो का, एवढंच विचारा. भार वाढवून कण एकमेकांपासून लांब ठेवलेत की ते सावकाश, एकेकटे, खेटून रचले जातात आणि तळाशी दगड होतो. मी अशी वायल (औषधाची काचेची कुपी) उलटी धरली आहे: पांढरी चकती वर काचेला चिकटलेली, खाली नितळ पाणी. काचकांडीने खरवडली तर तुकडे निघाले, दूध काही झालं नाही. त्या बॅचचा झेटा अहवाल मात्र फ्रेम करून लावावा असा होता. थोडं फ्लॉक्युलेट होऊ द्या, म्हणजे कण सैल पुंजक्यांत जमू द्या. गाळ भरभर बसेल, फुगीर बसेल, हलवला की उठेल. दिसायला गबाळं, पण सुईतून जातं.

उणे_तीस:
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

‘कण मोठे लागतात’ हे सरसकट ठोकून दिलंत. एचआयव्हीवरच्या कॅबोटेग्राविरचे कण बीड मिलमध्ये (बारीक मण्यांच्या चक्कीत) दळून सुमारे २०० नॅनोमीटरवर आणतात, तरी इंजेक्शन दोन महिन्यांनी एकदा. औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नसेल तर बारीक कणही स्नायूत तळ ठोकून बसतात. म्हणजे बारीक दळा, बसणं थांबवा, हलवण्याची भानगडच नको.

बीडमिल:
त्या वायलचं लेबल वाचलंत? पूर्ण १० सेकंद जोरात हलवा, उलटी करून बघा, एकजीव नसेल तर पुन्हा हलवा. जोडीने टोचायच्या रिल्पिव्हिरिनला फ्रिज लागतो तो वेगळा. आणि त्यांना सांभाळतात पॉलीसॉर्बेट, पोलॉक्झामर. दोन्ही बिनभाराचे. लांब साखळ्या कणांभोवती पसरून शेजाऱ्याला लांब ठेवतात. तिथे झेटा ३० च्या आत असला तरी सस्पेन्शन टिकतं. तुमच्या नियमाने जगातली निम्मी नॅनोसस्पेन्शन्स नापास करावी लागतील.

चेंबर_चाळीस:
मूळ वाद बाजूला ठेवून माझं दुखणं सांगतो. औषध किती टिकेल हे बघायला ते चेंबरमध्ये ठेवतात: ४० अंश, ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने. सीलबंद काचेच्या वायलला बाहेरची आर्द्रता काय करणार, हे मी मीटिंगमध्ये विचारून थकलो. आणि कण वाढणं म्हणजे रासायनिक विघटन नव्हे, की तापमान चढवलं आणि आर्‍हेनियसच्या तापमान-वेगाच्या आलेखावरून दोन वर्षांचं भविष्य वाचलं. ऊन मिळालं की बारीक कण थोडे विरघळतात, गार झालं की तेच औषध मोठ्या कणांवर जाऊन बसतं. म्हणजे स्थिर चाळीसपेक्षा रोजची चढउतार जास्त घातक. आमच्याकडे एक बॅच चेंबरमधून सहीसलामत बाहेर आली आणि गोदामात तिचे कण वाढले. त्यावर वरिष्ठ म्हणाले, ‘पण प्रोटोकॉलमध्ये सायकलिंग (तापमानाची चढउतार) नव्हतं ना?’

ड्यूटी_संपली:
तुम्ही सगळे १५ सेकंदांचं ज्या थाटात बोलताय, त्यावरून तुमच्यापैकी कुणी वॉर्डात हे इंजेक्शन दिलेलं दिसत नाही. मी देते.

एक औषध म्हणतं जोरात हलव आणि सावकाश टोच. अ‍ॅरिपिप्राझोल लॉरॉक्सिल म्हणतं आधी १० टिचक्या मार, मग ३० सेकंद हलव, मग १० सेकंदांच्या आत सगळं आत घाल. एनपीएच इन्सुलिन म्हणतं खबरदार हलवशील तर, हळूच फिरव. ओलान्झापिन पामोएट दिलं की रुग्णाला तीन तास बसवून ठेवायचं. हे सगळं एकाच शिफ्टमध्ये, एकाच माणसाने लक्षात ठेवायचं. मागे सुई अर्ध्यात तुंबली. दट्ट्या एकदम दगडासारखा झाला, रुग्ण ओरडला, किती औषध आत गेलं कुणास ठाऊक. डॉक्टर मला विचारतात, ‘नीट हलवलं होतंस ना?’

बीडमिल:
ताई, पाकिटातली पातळ भिंतीची सुईच वापरा असं लिहिलेलं असतं. मासिकाची सुई तिमाहीला लावायची नाही, हेही लिहिलेलं असतं. पत्रक वाचलं तर

ड्यूटी_संपली:
वाक्य पूर्ण करू नका. सुई पाकिटातलीच होती. आणि पत्रक बघितलंय का कधी दिव्याखाली धरून? अक्षरं तुमच्या कणांएवढी.

जुना_खलबत्ता:
ताईंच्या बाजूने. सुई का तुंबते ते सांगा ना त्यांना. सिरिंजचं तोंड जिथे अरुंद होतं तिथे कण एकमेकांना अडकून कमान करतात, पाणी पुढे निघून जातं आणि मागे चिखल उरतो. दाट सस्पेन्शन, मोठे कण, त्यात मध्येच हात थांबला की संपलं. लॅबमध्ये दट्ट्या यंत्र ढकलतं, एकसारख्या वेगाने. यंत्राचा रुग्ण दचकत नाही.

उणे_तीस:
वा! म्हणजे फॉर्म्युलेशनचा भार नर्सच्या मनगटावर आहे हे सगळ्यांनी कबूल केलं. मी वेगळं काय म्हणत होतो?

बीडमिल:
तुम्ही झेटा म्हणत होतात. झेटाने सुई मोकळी होत नाही. खलबत्त्यांचा यंत्राचा मुद्दा घेतो, नाइलाजाने. हाताने, मध्ये थांबून ढकलण्याची चाचणी व्हायला हवी. आमच्याकडे ती करा म्हटलं की ‘पद्धत व्हॅलिडेट कशी करणार’ हा प्रश्न येतो आणि विषय मिटतो.

ड्यूटी_संपली:
मिटतो म्हणे. तुमच्याकडे मिटतो, माझ्याकडे येतो.

ऑस्मॉटिक:
हलवा-हलवा चाललंय म्हणून विचारतो: त्वचेखाली बसवलेला पंप कोण हलवणार? तिथे कोरडे प्रथिनकण बिनपाण्याच्या घट्ट माध्यमात ठेवतात, इतक्या घट्ट की ३७ अंशांवर महिनोन्‌महिने कण जागचे हलू नयेत. पाणी नाही म्हणून प्रथिन टिकतं, घट्टपणामुळे कण टिकतात. न हलवता चालणारं सस्पेन्शन असं असतं, उणे_तीस. झेटाचा तिथे पत्ताही नाही.

उणे_तीस:
आणि मधुमेहावरच्या एक्झेनाटाइडच्या पंपाचं काय झालं? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध ० ने नाही म्हटलं.

ऑस्मॉटिक:
त्यात मूत्रपिंडाच्या इजेची काळजी मोठी होती. कण तळाशी बसले म्हणून नाही म्हटलं असं दाखवा, मी आयडी बंद करतो.

उणे_तीस:
ठीक आहे. पाण्यातल्या सस्पेन्शनला ‘कधीच हलवू नका’ हा हट्ट सोडतो. हलवा. जगभर हलवा. पण झेटा न मोजता कुणी बॅच पुढे ढकलली तर मी पुन्हा पोस्ट टाकणार.

बीडमिल:
मोजा हो. मोजायला कुणी अडवलंय? त्याच्या शेजारी एक उलटी वायलही ठेवा.

चेंबर_चाळीस:
सायकलिंगवर कुणीच बोललं नाही. नेहमीप्रमाणे.

ड्यूटी_संपली:
मी बोलते. आमच्याकडे रात्री वीज गेली की फ्रिजमधली पाकिटं गरम होतात आणि सकाळी परत गार. ती टोचायची की टाकायची? दोन ओळींत सांगा, पत्रक वाचा म्हणू नका.