‘वाडीवरचं घर’ ग्रुप : स्लॅब कधी, हिशेब कुठे?

बुधवार, १२ मे २०२१

बेबी आत्या, रात्री ८:४२
अण्णा, सकाळपासून तीनदा फोन लावला. रेंज नाही म्हणावं तर लास्ट सीन ७:५५ दिसतंय. परवा अक्षय्य तृतीया. स्लॅब टाकणार की नाही एवढं एका शब्दात सांग. आणि एक्सेलमध्ये साठ हजार जास्तीचे कशाचे तेही सांग. आरोप नाही करत, विचारतेय फक्त.

मंदार, ८:५०
आत्या, काका फोनवर सांगतात ते आकडे मी भरतो. सळईचा अंदाज गेल्या जूनमध्ये केला तेव्हा किलोला ४४ रुपये होते, आता ५८. सव्वा टन सळई आहे, साडेसतरा हजार तिथेच गेले.

बेबी आत्या, ८:५२
बरं. उरलेले साडेबेचाळीस?

प्रकाशकाका, ८:५५
तारीख नंतर ठरवा, आधी पाण्याचं ठरवा. आपल्या विहिरीवर मे महिन्यात दोन तास पंप चालला की पाणी तुटतं. स्लॅबवर आळी (छोटे बांध) घालून १४ दिवस पाणी उभं राहिलं पाहिजे. यावर कोणी बोलतच नाहीये.

रोहन, ८:५८
काका, बाबांना रेंज मिळाली की बोलतीलच. टाकीवर चढल्याशिवाय तिकडे मेसेज जात नाही.

केतकी, ९:०१
आई, जरा दमाने घे ना. इकडे बंगळूरला सोमवारपासून कडक लॉकडाऊन लागलाय. आपले गवंडी विजापूरचे आहेत, त्यांच्या घरची परिस्थिती काय आहे कोणी विचारलंय का?

बेबी आत्या, ९:०३
मी काय विचारलं आणि तू काय सांगतेस.

मंदार, ९:०५
विषय निघालाच आहे तर सांगतो. मी शनिवारी येऊन जातो, प्रत्यक्ष बघितलं की सगळ्यांचं समाधान होईल. ई-पाससाठी कारण काय टाकू?

रोहन, ९:०६
लसीचा स्लॉट म्हसळ्याला मिळाला म्हणून टाक. अर्धं ठाणं सध्या तसंच फिरतंय 😄

मंदार, ९:०७
आजच बातमी आली, १८ ते ४४ वाल्यांची लस थांबवली. तेही कारण गेलं.

रोहन, ९:०८
मग मीच जातो. पनवेल रायगडातच येतं, मला पास लागत नाही.

प्रकाशकाका, ९:१०
लागतो. २२ एप्रिलचा आदेश नीट वाच. नुसता जिल्हा नाही, शहराबाहेर जायलाही बंदी आहे. तातडीचं काम असेल तरच. आणि रोहन, तू जाऊन बघणार काय? पाण्याचं बघ.

अण्णा, ९:३१
टाकीवर आलोय. सगळ्यांचे मेसेज वाचले. बेबी, एका शब्दात सांगता येणार नाही म्हणूनच सकाळी फोन उचलला नाही.
सळई बांधून झाली. सेंटरिंग, म्हणजे खालचा साचा आणि टेकू, तयार आहे. स्लॅब ९०० फूट, ५ इंची. सिमेंट ८५ ते ९० पोती लागेल, ९२ पडवीत रचून ठेवलंय, खाली फळ्या घातल्यात. अडलंय ते माणसांवर. एवढा स्लॅब टाकायला आपल्याकडे पंचवीस माणूस लागतो. घमेली वर द्यायलाच दहा-बारा. आदेश असा की जागेवर राहणारे मजूर असतील तरच काम करायचं, बाहेरून माणूस आणायचा नाही. सापडलं तर १० हजार दंड, पुन्हा सापडलं तर काम बंद. जागेवर नऊ आहेत. ग्रामपंचायतीत दोनदा जाऊन आलो. ते वाईट वागले नाहीत, पण मागच्या आठवड्यात आपल्या गल्लीत कोरोनाचे चार पेशंट निघाले, ते घाबरलेत आणि मीही घाबरलोय.

मंदार, ९:३४
काका, अर्धा अर्धा टाकला तर? नऊ जणांत निम्मा शुक्रवारी, निम्मा नंतर.

प्रकाशकाका, ९:३५
अजिबात नाही!! सव्वीस वर्षं पीडब्ल्यूडीत काढली मी. जुना काँक्रीट आणि नवा काँक्रीट जिथे भेटतो तिथून पाणी उतरतं. कोकणातला पाऊस आहे, आयुष्यभर त्या रेषेखाली बादली ठेवावी लागेल. स्लॅब एका दमात. आणि आधी पाणी.

बेबी आत्या, ९:३८
साडेबेचाळीस हजारांचं उत्तर अजून आलेलं नाही. शिवाय गेल्या वर्षीचे सरकारचे दीड लाख अण्णाच्या खात्यात आले, त्याचाही कागद मी पाहिलेला नाही. नाना होता तेव्हा तो विचारायचा, आता मी विचारते म्हणून वाईट दिसतं.

रोहन, ९:४१
आत्या, ते दीड लाख पूर्ण पडलेल्या घराचे होते. माजघरावरचा माड कापायला, राडारोडा उचलायला आणि महिनाभर ब्लॅकने मिळणाऱ्या पत्र्यांना गेले. निसर्ग चक्रीवादळ झालं तेव्हा तिकडे कित्येक दिवस वीज नव्हती, तुम्ही सगळे फोन लागत नाही म्हणून वैतागला होतात. बाबा पत्र्यांच्या लाइनीत उभे होते.

बेबी आत्या, ९:४३
हा मेसेज हटवला आहे

रोहन, ९:४४
वाचला मी.

मंदार, ९:४५
रोहन, पुरे.

शुभाकाकू, ९:५८
बेबीताई, मी लिहिते, यांना लिहायला जमायचं नाही. १४ एप्रिलच्या रात्री संचारबंदी लागली त्या दिवसापासून नऊ माणसं आपल्याकडे मुक्कामाला आहेत. गावात फिरायचं नाही, हॉटेलं बंद, किराणा ७ ते ११. मग जेवायला कोण घालणार? आज २८ दिवस झाले. पंचवीस हजार रेशन, तेल, सिलिंडरला गेले, चिठ्ठ्या डब्यात आहेत. आठ दिवस दुकान बंद म्हणून सिमेंट आलं नाही, तेव्हा माणसांची खोटी झाली तिचे अर्ध्या मजुरीने बारा हजार. टेम्पोवाल्याने जास्तीचे साडेपाच घेतले. झाले साडेबेचाळीस. आपल्या तांदळाच्या भाकरीने त्यांचं पोट भरत नाही, दुपारी परत भूक लागते, म्हणून मी जोंधळ्याचं पीठ मागवते, ते इकडे महाग. पहिले दोन दिवस माझी भाकरी तव्यावर फुटायची. त्यांच्यातल्या एका बाईने शिकवली, परातीत थापून वरून पाण्याचा हात फिरवायचा. आता जमते.

रोहन, १०:०२
आईने रोज तीस-पस्तीस भाकऱ्या थापल्या त्याची मजुरी एक्सेलच्या कुठल्या रकान्यात टाकायची तेही ठरवा एकदा.

शुभाकाकू, १०:०३
रोहन, तू मध्ये पडू नकोस. त्या मोठ्या आहेत.

बेबी आत्या, १०:१२
वहिनी, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी विचारलं असतं का? मला घरातलं काही कळवायचं नाही, पैसे तेवढे चार भावंडांत समान. असो. शुक्रवारचं बघा. मुहूर्त चुकवू नका.

प्रकाशकाका, १०:१४
सूतक फिटलं असलं तरी नानाचं वर्ष व्हायचंय. मुहूर्त वगैरे बघून काही करू नये असं माझं मत आहे. बाकी पाणी.

बेबी आत्या, १०:१५
अक्षय्य तृतीयेला मुहूर्त बघावाच लागत नाही, एवढं तरी माहीत असू दे. पितरांची पण असते ती.

प्रकाशकाका, १०:१६
वास्तुशांत वर्षाच्या आत करायची नाही म्हणजे नाही.

केतकी, १०:१७
वास्तुशांत कोण म्हणतंय? स्लॅब चाललाय ना?

नानी, १०:४०
मी फारशी लिहीत नाही. हे अॅडमिट होते तेव्हा १७ तारखेला व्हिडिओ कॉल लावून दिला होता एका सिस्टरने. मास्क होता तोंडाला, बोलायला जमत नव्हतं. बोटाने कपाळावर आडवी रेघ ओढून दाखवली. मला कळेना. मंदारला कळलं, बांधकाम लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत, आलं का विचारत होते. मी आलं म्हणून सांगितलं. अण्णाभावजींनी फोटो पाठवला होता म्हणून सांगता आलं. १९ ला गेले. तुम्ही शुक्रवारी टाका नाहीतर सोमवारी टाका, माझी कशाला हरकत नाही. पाऊस लागायच्या आत टाका. गेल्या वर्षी गणपती शेजारच्यांच्या पडवीत बसवला, त्याचं यांना फार लागलं होतं.

अण्णा, १०:५१
वहिनी, होईल.

गुरुवार, १३ मे २०२१

प्रकाशकाका, सकाळी ६:१०
शुभ प्रभात 🙏 विहिरीचं पाणी किती फूट आहे ते अण्णाने मोजून टाकावे.

बेबी आत्या, ६:३०
हळद, सुंठ, मिरी, गवती चहा यांचा काढा सकाळी उपाशीपोटी. फॉरवर्ड नाही, मी स्वतः घेते.

रोहन, ९:२०
अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झालाय. रविवारपर्यंत चक्रीवादळ होईल असं हवामान खातं म्हणतंय. नाव तौक्ते. म्यानमारने दिलंय, अर्थ पाल.

मंदार, ९:२२
घर बांधायच्या आधीच पाल आली.

बेबी आत्या, ९:२३
अभद्र बोलू नका.

शुभाकाकू, ९:४०
वादळ म्हटलं की पोटात गोळा येतो. ३ जूनला दुपारी माड पडला तेव्हा मी देवघरात समई उचलायला गेले होते. आवाज झाला तो माड पडल्याचा नव्हताच, सगळी कौलं एकदम निघाली त्याचा होता. वर बघितलं तर आभाळ. त्यामुळे परत कौलारू घ्या, दिसायला छान असतं, असं ज्यांना वाटत होतं त्यांना मी तेव्हाही नको म्हटलं होतं.

केतकी, ९:४२
मीच म्हटलं होतं काकू. चुकलं माझं.

मंदार, दुपारी १:१५
लॉकडाऊन १ जूनला सकाळी ७ पर्यंत वाढवला. म्हणजे १५ तारखेनंतर माणसं मिळतील ही आशा संपली. जूनमध्ये मृग. मग स्लॅब थेट दिवाळीनंतर.

प्रकाशकाका, १:२०
बांधलेली सळई पाच-सहा महिने खाऱ्या हवेत गंजणार. सेंटरिंगचं भाडं चढणार. उद्या टाका. २४ तास मिळाले की पुढचा पाऊस स्लॅबला काही करत नाही. शुक्रवार सकाळ ते रविवार, पुरेसा वेळ आहे. पण पाणी

अण्णा, ३:०५
ऐका. म्हसळ्याचा मिक्सरवाला लिफ्टचं मशीन देतोय. मशिनवर माल वर गेला की घमेल्यांची रांग लागत नाही, चौदा माणसांत होतं. तो आणि त्याचा पोऱ्या, दोघे आज प्राथमिक आरोग्य केंद्रात अँटिजेन करून येणार. नऊ जणांची टेस्ट काल झाली, सगळे निगेटिव्ह. नऊ आणि दोन अकरा. बाकी तिघे घरचे, मी, शुभा आणि माझा मेहुणा, तो शेजारच्याच घरात राहतो. ग्रामपंचायतीने तोंडी हो म्हटलं, मी लेखी मागितलं, दिलं. पहाटे पाचला सुरू करणार.
खिडक्यांचे गज मात्र राहिले. वेल्डरकडे कटिंगला ऑक्सिजन नाही, सगळा दवाखान्यांना जातोय. त्याबद्दल मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही, विचारणारही नाही. खिडक्यांना प्लास्टिक लावू.

बेबी आत्या, ३:०९
अण्णा, तुझं वय ६४. घमेली उचलू नकोस.

अण्णा, ३:१०
पाण्याच्या नळीवर उभा राहीन.

प्रकाशकाका, ३:११
कुठल्या पाण्याच्या? तेच तर विचारतोय कालपासून.

अण्णा, ३:१४
माल कालवायला टँकर सांगितलाय. आळीला विहीर पुरेल तेवढी पुरेल.

शुक्रवार, १४ मे २०२१

शुभाकाकू, सकाळी ५:२०
सुरू झालं. नारळ फोडला. नऊ जणांत दोघांची आज ईद आहे, तरी थांबले. संध्याकाळी शेवयांची खीर करणार.

रोहन, ७:४५
आई, फोटो टाक.

शुभाकाकू, ११:३०
एका हाताला सिमेंट आहे.

प्रकाशकाका, ११:३२
व्हायब्रेटर बीमजवळ नीट फिरवायला सांगा. कडेला मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात.

अण्णा, सायंकाळी ६:५०
झाला. एका दमात.

(यानंतर हात जोडलेले एकवीस मेसेज, नारळाची चित्रं, केतकीच्या मुलाने पाठवलेला एक ट्रॅक्टर.)

मंगळवार, १८ मे २०२१

बेबी आत्या, सकाळी ७:०२
कोणाचा फोन लागतोय का? रविवार रात्रीपासून काही नाही.

रोहन, ७:०५
मला काल दुपारी शेजारच्या काकांचा एक कॉल आला होता, अर्धा मिनिट. सगळे बरे आहेत एवढंच ऐकू आलं.

बेबी आत्या, ७:०६
मग कालच का नाही सांगितलंस?

रोहन, ७:०७
आत्या, सांगितलं होतं. वर बघा.

बेबी आत्या, ७:०९
दिसलं. रात्रभर डोळा लागला नाही रे, म्हणून.

अण्णा, १०:२५
रेंज आली. माणसं सगळी ठीक. नऊ जणांना रविवारी संध्याकाळीच शाळेत हलवलं होतं. वाडीतल्या सात पोफळी गेल्या, एक माड वाकलाय पण उभा आहे. पडवीवरचा ताडपत्रीचा आडोसा उडाला. उरलेली पाच पोती सिमेंट भिजली, त्याचे दगड झाले. सेंटरिंगचा एकही टेकू हलला नाही. आज सकाळी शिडी लावून वर गेलो. आळ्यांत चार बोटं पाणी उभं आहे, विहिरीतून एक बादली काढावी लागली नाही.

प्रकाशकाका, १०:२७
आळी कुठे फुटली असेल तर लगेच बांध. हे पाणी वाहून जाऊ देऊ नकोस.

नानी, १०:४४
देवघराचा कोनाडा कुठे ठेवलात भावजी?

अण्णा, १०:४६
नानाने वहीत चौकोन मोजून काढला होता तिथेच. पूर्वेच्या भिंतीत, जमिनीपासून तीन फुटांवर. वही माझ्याकडे आहे, भिजलेली नाही.

बेबी आत्या, ११:१०
वहिनी, जोंधळ्याच्या पिठाचे म्हणून पंधरा हजार रोहनच्या खात्यात टाकलेत. एक्सेलमध्ये घालू नका.

प्रकाशकाका, ११:१२
सेंटरिंग १४ दिवसांच्या आत कोणी सोडवू नये. २८ तारखेपर्यंत हात लावू देऊ नकोस अण्णा.

अण्णा, ११:१३
नाही लावू देत.