पायरसी रोखायला आख्खी साइटच बंद: पटतं का?

रेडिओवेडा
२०१२ मध्ये संगीत कंपन्यांच्या संघटनेनं कलकत्ता उच्च न्यायालयातून आदेश आणून गाण्यांच्या १०४ साइट्स बंद करवल्या. साँग्ज डॉट पीके त्यातलीच. तिच्यासाठी मी रडणार नाही, उघड चोरबाजार होता तो. पण त्याच वर्षी मे महिन्यात सिनेमांच्या पायरसीविरुद्धच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाकडे बोट दाखवून इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ ही व्हिडिओंची साइटही बंद केली. नेमकं पान बंद करा, आख्खी साइट नको, हे कोर्टाला जूनमध्ये वेगळं सांगावं लागलं. तरी २०१७ मध्ये दोन हिंदी सिनेमांपायी २,६५० पत्त्यांची यादी निघाली आणि तिच्यात चक्क इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे जुन्या पुस्तकांचं-ध्वनिमुद्रणांचं मोफत संग्रहालय! कॉपीराइट संपलेल्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी कोणाचं काय चोरलं होतं?

ठेका_केरवा
असहमत. मी संगीत संयोजन करतो. स्टुडिओची शिफ्ट, ढोलकी, बासरी, मिक्सिंग, सगळे पैसे आधी जातात. गाणं सकाळी आलं की दुपारी टेलिग्रामवर फुकट. नेमकं पान बंद करा म्हणे! नावापुढे एक आकडा चिकटवून तीच साइट संध्याकाळी हजर. म्हणून तर दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अशा नव्या अवतारांनाही जुनाच आदेश लावायची सोय केली. तुमच्या स्वातंत्र्याचं बिल दर वेळी आमच्याच नावावर का फाडता?

चहाटळ
कोर्टानं नाही, स्वस्त डेटानं गाण्यांची पायरसी मारली. आता एमपीथ्री उतरवून घेतंय कोण?

वकीलीणबाई
@ठेका, ती सोय वाचलीत का? नवे पत्ते सहनिबंधकांपुढे, म्हणजे कोर्टाच्या अधिकाऱ्यापुढे जातात, न्यायाधीशांपुढे नाही. समोरचा तर बहुतेक वेळा हजरच नसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमात सरकारनं साइट बंद करण्याची कारणं दिलेली आहेत, देशाची सुरक्षा वगैरे. कॉपीराइट त्यांत नाही. म्हणून हा कोर्टाचा वळसा.

आणि बंद साइटवर दिसणारी २०१६ ची ती इशाऱ्याची पाटी आठवते? बंद साइट नुसती उघडून पाहिलीत तरी ३ वर्षं तुरुंग आणि ३ लाख दंड, असा तिचा सूर होता. पाहणं हा गुन्हा नाही, हे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेलांना सांगावं लागलं.

आपल्या राज्याचं तर विचारूच नका. एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा १९८१ चा, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेला. २००९ मध्ये त्यात व्हिडिओ पायरेट्स घुसवले. म्हणजे खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध! सीडी विकणारा पोरगा आणि हातभट्टीवाला एकाच ओळीत.

ठेका_केरवा
एमपीडीए नको, मान्य. पोरगा आत गेल्यानं माझ्या खिशात काय येणार? पण साइट बंद करण्यावर मी ठाम आहे. आणि @चहाटळ, एमपीथ्री गेल्या, आता यूट्यूबवरून गाणं ओढून घेणारी ॲप्स आहेत. स्ट्रीमिंगचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला, वादकाला आणि संयोजकाला त्यातलं काय मिळतं ते मला विचारा.

वकीलीणबाई
म्हणजे तुमचं निम्मं भांडण कंपन्यांशीच आहे की.

ठेका_केरवा
आहेच. म्हणून चोर सोडायचा?

रेडिओवेडा
नका सोडू. पण आदेश मागणाऱ्याकडून आधी अनामत घ्या. यादीत निर्दोष साइट निघाली की जप्त. बघा २,६५० ची यादी कशी आटते.

ठेका_केरवा
कंपन्या भरतील हो. माझ्यासारख्यानं ती अनामत कुठून आणायची?