मदत हवी आहे: शिष्यवृत्तीच्या माजी विद्यार्थ्यांचं छोटं अनुदान, पैसे कुठल्या खात्यावर घ्यायचे?

मलप्रभाकाठ:
अर्जेंट आहे. माजी विद्यार्थ्यांच्या अनुदानाचा फॉर्म भरून झालाय, फक्त बँकेच्या रकान्यात अडकलोय. आमच्या मंडळाचं खातं सोसायटीत आहे, तिथे परदेशातले पैसे येत नाहीत म्हणाले. दुसऱ्या बँकेत गेलो तर साहेब म्हणतात, 'पर्पज कोड आणा', म्हणजे पैसे कशासाठी येतायत त्याचा कोड. तो कुठून आणू? माझ्या सेव्हिंगवर घेतले तर चालतील का? शुक्रवार शेवटची तारीख. माहीत असेल त्यांनीच लिहा, प्लीज.

टिळकवाडीकर:
कुठली शिष्यवृत्ती? कुठला देश? पैसे कशासाठी? 'मंडळ' म्हणजे गणपतीचं की रजिस्टर्ड? एवढं गाळल्यावर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

निपाणीची_मावशी:
बाळा, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला अर्ज कर. भाचीच्या मैत्रिणीला मिळाली, फी आणि राहणं सगळं निघालं.

टिळकवाडीकर:
मावशी, तो शिकून परत आलाय. शिवाय ती योजना अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आणि महाराष्ट्राच्या रहिवाशांना. खानापूर-निपाणीचा दाखला कर्नाटकच्या महसूल कार्यालयाचा, नाडकचेरीचा, तो तिथे कोण धरणार?

निपाणीची_मावशी:
का नाही धरणार? सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजना लागू केलीच ना महाराष्ट्राने? शिष्यवृत्तीचं पण मागायला हवं. आमचे पुढारी १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला तेवढे दिसतात.

चोर्ला_घाट:
एवढं काय घाबरूलालाय? सेव्हिंगवरच घ्या की. माझ्या भावाला जर्मनीहून दर महिन्याला यायचे, कोणी विचारलं पण नाही. पर्पज कोडात 'कुटुंब खर्च' टाका, झालं.

कॅम्पातला_सीए:
मलप्रभाकाठ, हे अजिबात करू नका. चोर्ला, तुमच्या भावाचे पैसे स्टायपेंड असतील किंवा घरच्यांनी पाठवलेले, ती गोष्टच वेगळी. इथे बँकेला खोटं कारण लिहून द्यायला सांगताय तुम्ही. पैसे ठरावीक सामाजिक किंवा शैक्षणिक कार्यक्रमासाठी असतील तर एफसीआरए २०१०, म्हणजे परदेशी निधीचा कायदा लागतो, आणि त्या कायद्यात 'व्यक्ती' म्हणजे एकटा माणूससुद्धा येतो. धागाकर्त्याने आधी काम काय आहे ते सांगावं.

मलप्रभाकाठ:
सगळं लिहायला वेळ नव्हता. चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये एम.एस्सी. केलं. आता कणकुंबी-जांबोटी भागातल्या मराठी शाळांना पर्जन्यमापक आणि पाणी तपासायची किट द्यायचीत. मुलं ओढ्यांच्या नोंदी ठेवतील. मंडळ रजिस्टर्ड आहे, मागच्या वर्षीच केलं. प्रश्न फक्त खात्याचा आहे.

कॅम्पातला_सीए:
मग प्रश्न फक्त खात्याचा नाहीच. चेव्हनिंगमागे ब्रिटनचं परराष्ट्र खातं आहे, म्हणजे सरळ परदेशी सरकारचा पैसा. दिल्लीच्या वकिलातीने रुपयांत दिला तरी तो परदेशी निधीच धरतात. तुमच्या मंडळाला एफसीआरए नोंदणी मिळणार नाही, कारण संस्था ३ वर्षं जुनी लागते आणि त्या ३ वर्षांत कामावर १५ लाख खर्च दाखवावा लागतो. राहिली पूर्वपरवानगी, एफसी-३बी फॉर्म. त्याला देणाऱ्याचं रक्कम लिहिलेलं पत्र लागतं आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत उघडावं लागतं. शुक्रवार विसरा.

चोर्ला_घाट:
हे सीए लोक घाबरवून फी काढतात. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या संस्थेत पैसे घ्या, ते तुम्हाला पुढे देतील. आमच्याकडे असंच केलेलं.

कॅम्पातला_सीए:
कधी? २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने आलेला परदेशी निधी दुसऱ्याला देणं बंद आहे. आणि मी इथे फी मागितलेली नाही.

पाऊसपाणी:
पैशाचं सोडा, जागा बघा. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, तिथेच म्हादई नदीला मिळणारा कळसा नाला. म्हादईच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक कोर्टात भांडतायत, लवादाचा निवाडा २०१८ ला आला तरी मिटलेलं नाही. अशा ठिकाणी परदेशी पैशावर ओढ्याचं पाणी मोजणार? उद्या कोणीतरी येऊन विचारणार, आकडे कुणाला पाठवताय. अर्जात ओढा लिहूच नका. नुसता पाऊस मोजा, तो तिथे कमी नाही.

मलप्रभाकाठ:
चौथीची पोरं नोंदी ठेवणार आहेत हो, त्यात कसला लवाद!

पाऊसपाणी:
ते तुम्हाला माहीत, तलाठ्याला नाही.

टिळकवाडीकर:
सीए साहेब, मग त्याने करायचं काय, तेवढं सांगा की. 'हे नाही, ते नाही' हे बँकवाल्यानेही सांगितलंय.

कॅम्पातला_सीए:
एफसीआरए असलेलं एखादं कॉलेज किंवा ट्रस्ट गाठा. अर्जात यजमान संस्था ते. पैसे त्यांच्या खात्यावर, खरेदी त्यांच्या नावाने, बिलंही त्यांचीच. किट त्यांनी थेट शाळांना वाटावीत. तुम्ही प्रकल्पाचे समन्वयक म्हणून काम करा, तुमच्या मंडळाकडे रुपयाही वळवू नका. आणि आजच निधीवाल्यांना मेल करा, संस्थेचं पत्र नंतर जोडलं तर चालेल का म्हणून.

मलप्रभाकाठ:
मेल केला. पण मंडळाचं नावच कुठे येणार नाही मग? पोरं नाराज होतील. असो. एफसीआरए कोणाकडे आहे हे कसं कळणार? कोणी सांगत नाही.

कॅम्पातला_सीए:
गृहखात्याच्या एफसीआरए पोर्टलवर यादी मिळते का बघा. नोंदणी चालू आहे की रद्द झाली तेही बघा, बऱ्याच रद्द झाल्यात.

निपाणीची_मावशी:
त्या यादीत निपाणीचं कॉलेज असेल तर मला पण कळवा रे, भाचीला विचारायचंय.