सोडून दिलेला ससा सांभाळला, मग चांगल्या घरी दिला: तुमचे अनुभव सांगा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर एका झुडपाखाली पांढराशुभ्र ससा भिजून बसलेला दिसला. दोन कुत्री हुंगत जवळ येत होती. ओढणीत गुंडाळून घरी आणला. पोरांच्या हट्टापायी घ्यायचा आणि लेंड्यांचा वास यायला लागला की बागेत सोडायचा, हे आपल्या गावात फार चाललंय. पिंजऱ्यात वाढलेल्या सशाला ना लपता येतं, ना पळून जीव वाचवता येतो. ज्यांनी असा ससा सांभाळून पुढं घर शोधून दिलं, त्यांनी इथं लिहावं. सुरुवात मीच करते.

त्याची नखं वाकडी वाढली होती. मागच्या टाचांचे केस जाऊन लाल कातडी दिसत होती. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवलं की असं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. ससे बघणारा डॉक्टर मिळेपर्यंत तीन दवाखाने झाले.

मी गाजरं आणून ठेवली, त्यानं तोंड लावलं नाही. आईनं संकष्टीला महाद्वार रोडवरून आणलेली दूर्वांची जुडी पुढं धरली, तर बघता बघता संपवली. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. म्हणून वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं, पालेभाजी थोडी, गाजर आणि फळ चवीपुरतंच. बारा तास खाल्लं नाही आणि लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट बघू नका. त्यांची आतडी बंद पडतात आणि जीव जातो.

पहिले आठ दिवस कुकरची शिट्टी झाली की तो मागचा पाय जमिनीवर आपटायचा. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी कपाळावरून बोट फिरवत होते, तर आतून दातांची अगदी बारीक करकर ऐकू आली. डोळे अर्धे मिटलेले. खूश असला की ससा असं करतो. त्या रात्री मी रडले.

घर शोधताना दोघांना नाही म्हणाले. एकांना नातवाच्या वाढदिवसाला भेट द्यायची होती. दुसऱ्यांच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो. एप्रिलच्या पत्र्याखाली तो कसा जगणार? कळंब्याचं एक जोडपं मात्र दोनदा आलं आणि दोन्ही वेळा जमिनीवर गप्प बसून राहिलं. दुसऱ्या वेळी तो आपणहून त्यांच्या पायाशी गेला. त्याच्या अंगाखालचा न धुतलेला टॉवेल मी सोबत दिला, ओळखीचा वास राहावा म्हणून.

राजारामपुरी

आम्हाला दुकानदारानं दोन ससे दिले होते, दोन्ही माद्या म्हणून. महिन्याभरानं बघतो तर मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून कोपऱ्यात रचतेय. दुसऱ्या दिवशी त्यात सहा पिल्लं, उंदराएवढी, उघडीनागडी, डोळे मिटलेली. दिवसभर ती जवळ फिरकेना, म्हणून आम्ही घाबरून ड्रॉपरनं दूध पाजायला निघालो होतो. डॉक्टरांनी फोनवर थांबवलं. सशीण दिवसातून एकदा-दोनदाच पाजते, तेही पाचेक मिनिटं. पोटं गोल दिसताहेत ना, मग हात लावू नका, म्हणाले. नराला मात्र त्याच दिवशी वेगळा करायला लावला, कारण व्यायल्याबरोबर ती परत गाभण राहू शकते. सहाही पिल्लांना घरं मिळायला सात महिने गेले. कुणालाही देण्याआधी नर की मादी ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, ही माझी हात जोडून विनंती.

करवीर तालुका, शेतातून

आमचा अनुभव वाईट आहे. ऊस तोडताना तपकिरी पिल्लू सापडलं. अंगावर केस, डोळे उघडे. आईनं टाकलं समजून घरी आणलं, गाईचं दूध पाजलं, तिसऱ्या दिवशी गेलं. ते रानससा होतं. त्याची आई पिल्लाला एकटं ठेवून लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. आपणच त्याला आईपासून तोडलं, हे अजून टोचतं. रानससा पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे. जखमी नसेल तर जागेवर, फार तर बांधाच्या कडेला ठेवा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

शाहूपुरी

मी ससा देणाऱ्यांपैकी आहे. यांची बदली झाली, नवीन घरमालकानं प्राणी चालणार नाही म्हणून सांगितलं. आमची चार वर्षांची होती. ससे नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षं जगतात, म्हणजे तिचं अर्धं आयुष्य अजून बाकी होतं. ज्या ताईंनी तिला ठेवून घेतलं, त्यांना मी काहीच लपवलं नाही: चार्जरच्या वायरी कुरतडते, उचललेलं आवडत नाही, उचलायचंच तर मागच्या पायांना आधार द्या, कारण जोरात झाडलं तर मणका मोडतो. पिसवांसाठी कुत्र्यांच्या औषधाचे थेंब परस्पर लावू नका, हेही सांगितलं. त्यातली काही औषधं सशाला विषारी असतात. महिन्याला एक फोटो येतो. अजून मी तो दारं लावून बघते.

कसबा बावडा

माझ्याकडे सध्या एक करडी मादी आहे, साधारण दोन वर्षांची, उजव्या कानाला जुनी जखम, आता भरलेली. कोथिंबिरीच्या काड्यांवर जीव आहे. घाई नाही, दिवाळीनंतर दिली तरी चालेल. घर बघायला मी स्वतः येणार आणि नाही जमलं तर ती माझ्याकडेच परत यायची, एवढ्या दोन अटी.